मुकी गाडी

मी बी.ए. झालो तेव्हा पदवीचा कागद काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला. आमच्या घराण्यात कॉलेजच्या पायऱ्या चढलेला मी पहिला. वडील उधन्याच्या मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे, आजोबांची सही म्हणजे अंगठा. त्यामुळे उधन्याची आमची सगळी चाळ एकेक करून ती चौकट बघून गेली. शेवटी शेजारचे झिपरूआप्पा आले. कागद वाचला नाही. जवळ गेले, मधलं बोट वाकवलं, पेरानं काचेवर दोनदा टकटक केली, मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "काच बोलस. कागद मुका शे."

शे म्हणजे आहे. आप्पा धरणगावकडचे, सुरतेत तीस वर्षं काढली तरी घरात आणि दारात अहिराणीच. त्या दिवसापासून ते मला बी.ए. अशीच हाक मारू लागले, आणि ती ऐकताना मला कधीही मान मिळाल्यासारखं वाटलं नाही.

आप्पा रेल्वेत होते. उधना स्टेशनात गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस डब्यांच्या कडेनं जातो आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारतो, तो माणूस म्हणजे आप्पा. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा गेला असेल तर बद्द वाजतं. आप्पांच्या भाषेत पहिलं बोलतं, दुसरं मुकं. या एका कामानं त्यांची अशी समजूत झाली होती की जगातली कुठलीही वस्तू ठोकली की आपली जात सांगते. ते नारळ ठोकत, माठ ठोकत, पोळपाट ठोकत. चाळीत कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले तर पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा डबा ठोकत आणि स्थळ कसं आहे ते सांगत. निम्म्या वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या निम्म्या वेळा चाळ विसरून जायची, आप्पाही.

माणूस एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नंदुरबारला दिलेली. हाक मारली तर वळून बघतील तर शपथ. आधी असे नव्हते. नोकरीची शेवटची वर्षं आली तसा तोरा वाढला, असं आम्ही धरून चाललो. शिवाय त्याच सुमारास खानदेशाकडं जाणारी सकाळची पॅसेंजर उधन्याहून उशिरा सुटू लागली होती, कारण आप्पा प्रत्येक चाकाला आता दोनदा ठोकत आणि वर बैलाला थोपटावं तसा चाकावर पंजा ठेवून उभे राहत. गार्ड शिट्ट्या मारून दमायचा. आप्पा ढुंकून बघायचे नाहीत. चाळीत यावर पुष्कळ हसणं झालं आणि नकला माझ्या सगळ्यांत चांगल्या होत्या.

आता माझ्या नोकरीबद्दल. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला देशाची घडी बसवण्याचं काम मिळेल असं मला वाटत होतं. मिळालं ते मोटारींच्या शोरूममध्ये. मालक जयंतीभाई शेठ. गाडी एकच, 'बुलबुल'. तेव्हा मोठ्या गाडीला नंबर लावून माणूस म्हातारा व्हायचा, म्हणून ही छोटी गाडी 'लगेच मिळणारी' म्हणून बाजारात आणली होती. लगेच मिळत होती कारण कुणी घेत नव्हतं.

बुलबुलबद्दल मी आज खरं लिहू शकतो, कारण आज मला त्याचा पगार मिळत नाही. तिचा पत्रा इतका पातळ होता की बॉनेटवर रेलून उभ्या राहणाऱ्याचा आकार तिथं राहायचा. दार एका ओढीत लागलं तर आम्ही एकमेकांकडं बघायचो. काच वर करायचा दांडा गिऱ्हाइकाच्या हातात यायचा आणि गिऱ्हाईक तो परत माझ्या हातात द्यायचं, एखाद्याचं पडलेलं पाकीट द्यावं तसा. या सगळ्याला गोड नावं द्यायची, ही माझी नोकरी. पत्रा पातळ म्हणून मी लिहिलं: 'फुलासारखी हलकी, पेट्रोल कमी.' दारातून वारा येतो म्हणून: 'गुजरातच्या हवेसाठी खास.' मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लागतात म्हणून: 'कुटुंबाला जवळ आणणारी गाडी.' हे शेवटचं गुजरातीत फारच चाललं. शेठनं मला त्या दिवशी लोचो खाऊ घातला.

भिंतीवर कंपनीचं मोठं चित्र होतं. बुलबुलशेजारी नवरा, बायको, दोन मुलं आणि सासू, सगळे हसताहेत. आणि गाडी चांगली ऐसपैस दिसते. ती तशी का दिसते हे मला वर्षभर कळलं नाही. आप्पा पहिल्यांदा शोरूममध्ये आले, चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय बी.ए., ह्या मानसं शेतस का बाहुल्या?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चितारणाऱ्यानं माणसं लहान काढली होती. सासूबाई जेमतेम दाराच्या मुठीपर्यंत पोचत होत्या.

त्यानंतर आप्पा दर रविवारी येऊ लागले. सुट्टीचा वार, धुतलेला शर्ट, केसांना तेल. दारातूनच विचारायचे, "काय बी.ए., आज काय खोटं लिखं?" मग शोरूमच्या मधोमध ठेवलेल्या आकाशी बुलबुलकडं जायचे. पुढचं मडगार्ड, दार, टप, मागचं झाकण, याच क्रमानं पेरानं ठोकायचे. मान कलती. डोळे मिटलेले. पहिल्या रविवारी म्हणाले, "थोडी थोडी बोलस." मला बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "कमी बोलस." तिसऱ्या रविवारी, "मागला रविवारपेक्षा बी कमी."

"आप्पा, गाडी जागची हललेली नाही. किल्लीसुद्धा लावली नाही कुणी."

"मंग उभी उभी बिघडी राहिनी."

उभी गाडी दर आठवड्याला बिघडते, असं सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. चाळीत मी ही गोष्ट रंगवून सांगितली. लोक पोट धरून हसले.

पण शोरूममध्ये हसण्यासारखं राहिलं नव्हतं. एका हायस्कुलाचे हेडमास्तर, देसाईसाहेब, बुलबुल घ्यायच्या अगदी बेतात आले होते. माझी जाहिरात त्यांना पाठ होती. 'कुटुंबाला जवळ आणणारी' असं ते स्वतःच बायकोला म्हणाले. नेमके आप्पा आले, क्रमानं ठोकलं आणि डोळे उघडून, कुणी विचारलं नसताना, निकाल दिला, "मुकी शे."

"काय म्हणतात हे?" देसाईसाहेबांनी गुजरातीत विचारलं.

"गाडी शांत आहे म्हणतात," मी म्हणालो. बी.ए. उगीच झालो नव्हतो.

पण देसाईबाईंना आप्पांचा चेहरा वाचता आला. ती दोघं पुढच्या रविवारी बघू म्हणून गेली. जयंतीभाईंनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. "आ डोसो तमारो छे ने?" हा म्हातारा तुमचाच ना? पुढच्या रविवारी म्हातारा बोलला तर तुम्ही त्याच्याबरोबर घरी जायचं, सोमवारी यायचं नाही.

मी शांतपणे घरी आलो. मनात मात्र ठरवलं, या माणसाचा कान एकदा सगळ्यांदेखत खोटा पाडायचा.

संधी आपण होऊन आली. शनिवारी कंपनीची लॉरी आली आणि एक नवी बुलबुल उतरली. रंग तोच आकाशी. मी जुनी मागच्या शेडमध्ये ढकलवली आणि नवी त्याच जागी, त्याच कोनात उभी केली. ठोकूनही पाहिली. कितीही वाईट गाडी असली तरी नवा पत्रा तो नवा पत्रा, खणकन् वाजला.

रविवारी देसाई नवराबायको आले. शेठ खोलीच्या दारात उभे. मागोमाग आप्पा. मडगार्ड, दार, टप, झाकण. या वेळी त्यांनी वेळ घेतला. पुन्हा दारापाशी आले, पुन्हा ठोकलं. मग म्हणाले, "आते काहीच नही बोलस. गई ही गाडी."

मी याचीच वाट बघत होतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं, गुजरातीत म्हणालो, "आप्पा, ती गाडी शेडमध्ये आहे. ही नवी आहे. काल संध्याकाळी आली. तुम्ही हिला आयुष्यात पहिल्यांदा हात लावताय."

देसाईसाहेब हसले. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. शेठ तर इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. दहा मिनिटांत बुलबुलचं बुकिंग झालं. माझ्या नोकरीत एवढा मोठा विजय मला पुन्हा मिळाला नाही.

इथं एक सांगितलं पाहिजे. दुसऱ्या पावसाळ्यात देसाईसाहेबांच्या गाडीचा दाराखालचा पत्रा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गळून पडला. आप्पांचा निकाल बरोबरच होता, पुरावा तेवढा चुकीचा होता. आणि त्या रविवारी मला पुराव्याचाच विचार करायला हवा होता. मी केला नाही. मी पावतीपुस्तक शोधत होतो.

सगळे गेल्यावर बघतो तर आप्पा तिथंच. नव्या गाडीच्या दारावर पंजा टेकवून उभे, चाकावर ठेवत तसा.

"बी.ए.," ते म्हणाले, "नवी शे म्हंतस ना? तू ठोक."

मी ठोकली. खणकन् वाजली. आप्पा गाडीकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते.

"बोलनी का?"

मी म्हणालो, "बोलली, आप्पा. चांगली बोलली."

त्यांनी दारावरचा पंजा काढला. "हाताले समजनं," म्हणाले. "कानाले नही."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, शोरूमच्या पायरीवर बसून, रस्त्याकडं तोंड करून. चाकं हळू वाजताहेत असं आधी वाटलं. सगळीच कशी हळू वाजतील, म्हणून कानाची शंका आली. यार्डात विचारायचं कुणाला? तिथं रोज गाडी वेगळी, चाकं वेगळी, ताडून बघायला काही नाही. मग त्यांना माझी आकाशी बुलबुल आठवली. दर रविवारी तीच गाडी, त्याच जागी, कुणी न चालवलेली. तिचाही आवाज कमी झाला तर दोष कानाचा नाही, गाडी बिघडली म्हणता येईल. रविवारमागून रविवार ते येत राहिले, गाडी बिघडत राहिली आणि त्यांना बरं वाटत राहिलं. बुलबुल वाईट आहे हे सगळ्या सुरतेत कुणाला मनापासून हवं असेल तर ते झिपरूआप्पांना.

"पॅसेंजरला चौसष्ट चाकं शेतस," ते म्हणाले. "मन्ही पोर त्याच गाडीनं परत जास. तुना मामा बी." पंजा ठेवून थरथर कळते, पण पंजाला दमायला होतं, आणि एखाद्या दिवशी पंजा चुकला तर?

गार्डच्या शिट्टीची नक्कल मी किती वेळा केली होती, तेवढंच आठवत होतं.

सोमवारी सकाळी ते आमच्या दारात आले. कोरा कागद स्वतः विकत आणला होता. "अर्ज लिखी दे. इंग्रजीमां. सायबले."

मी बसलो आणि मला जे येतं ते लिहिलं. तीस वर्षांची निष्कलंक सेवा, रेल्वेशी जडलेलं अतूट नातं, वयोमानानुसार श्रवणशक्तीत आलेली किंचित न्यूनता, तरी हलक्या कामावर नेमणुकीची कृपा व्हावी. पानभर झालं. मग सावकाश, मोठ्यानं, त्यांच्याकडं तोंड करून मराठीत वाचून दाखवलं. आप्पा शेवटपर्यंत माझ्या ओठांकडं बघत राहिले.

"हाऊ कोन शे?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्ही."

"मी नही. हाई तुन्ही बुलबुल शे." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "किंचित काय? जाहिरातमायक नको लिखू. खरं लिख."

मी दुसरा कागद घेतला. चार वर्षं कॉलेजात आणि दोन वर्षं शोरूममध्ये घालवलेल्या माणसाला दोन ओळी लिहायला त्या दिवशी अर्धा तास लागला. 'मला चाकांचा आवाज ऐकू येत नाही. मला आजपासून चाकांवर ठेवू नये.' खाली त्यांचं नाव.

वाचून दाखवलं. आप्पांनी मान हलवली. सही केली, एकेक अक्षर दाबून. मग कागद टेबलावर सपाट ठेवला, मधलं बोट वाकवलं आणि पेरानं त्यावर दोनदा टकटक केली. या वेळी मान कलती केली नाही, डोळेही मिटले नाहीत. माझ्याकडं बघून विचारलं,

"बोलना का?"

"बोलला, आप्पा," मी म्हणालो. आणि त्यांनी पाहिलं नसेल म्हणून, तोंड नीट उघडून, पुन्हा एकदा म्हणालो.