सगुणेतला नवरदेव

"यंदा सगुणा क्रांती चौकात स्वतःच्या पायानं जाणार! धक्का न्हाई, दोर न्हाई, टेम्पो तर बिलकुल न्हाई!"

बजाजनगरच्या त्या गल्लीत रामकिसनअण्णांची ही घोषणा दरवर्षी व्हायची. त्या रविवारी मात्र तिला खास धार होती, कारण अण्णांचं डोकं बॉनेटच्या आत होतं आणि आवाज पत्र्यावर घुमून दुप्पट होत होता.

सगुणा म्हणजे अण्णांची जुनी, दुधी रंगाची, गोलमटोल मोटार. स्टिअरिंगला गिअर, दाराला सुतळी. शहरातल्या जुनी वाहने मित्रमंडळाची एक मेला चिकलठाण्याहून क्रांती चौकापर्यंत रॅली निघायची आणि सगुणा न चुकता मोंढा नाक्याला मानपान राहून गेलेल्या आत्यासारखी रुसून बसायची. मग धक्का. मग दोर. गेल्या वर्षी तर चक्क टेम्पो! टेम्पोवर चढलेली सगुणा पाहून अण्णा दोन दिवस जेवले नव्हते.

"अण्णा, महाराष्ट्र दिनाला अजून तीन महिने आहेत. जेवायला चला," मेघा म्हणाली. ती त्यांची मुलगी, कॉलेजात इतिहास शिकवायची आणि रविवारी घरी यायची.

"गाडीला तीन महिने म्हंजे उद्याच की गं!"

"गाडीचं पुरे," आतून तिची आई, वच्छलाबाई ओरडल्या. "भाकर वातड व्हायली!"

अण्णा जेवले. टीव्हीवरच्या माणसाशी भांडले. आईला म्हणाले, ठेच्यात मीठ कमी हाय. आई म्हणाली, तुमच्या जिभेत कमी हाय. मग सगळे झोपले.

सकाळी चहा निवला. अण्णा उठले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब घरी आले. माणूस मनानं चांगला, पण बोलायला लागला की समोर माईक असल्यासारखा!

"मेघाताई, मी असं ठरवलंय की, रामकिसनरावांची गाडी या वर्षी मानानं न्यायची. टेम्पोवर! वर त्यांचा फोटो, हार, दोन्ही बाजूंनी समया. लई भारी दिसंल!"

मेघानं आईकडं पाहिलं. आई भिंतीकडं पाहत होती.

"गाडी मी चालवत आणते," मेघा म्हणाली.

"अन् बंद पडली तर?"

"नाही पडणार."

"ताई, तुमचे वडीलबी असंच म्हणायचे." आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "ठीक हाय. मागं आपल्या सखारामचा टेम्पो राहील. धक्क्यानं मिरवणूक अडते, म्हणून यंदा धक्का बंद. पडली की टेम्पोवर. मंजूर?"

"मंजूर."

एक मेची सकाळ उजाडली ती तव्यासारखी. वच्छलाबाईंनी पहाटेच सगुणा सजवायला घेतली होती. "तुझ्या वडलाची गाडी हाय. बोडकी जाणार न्हाई!" झेंडूच्या माळा, मोगऱ्याचे गजरे, टपावर आंब्याचे डहाळे, बॉनेटवर नारळ. समोरच्या काचेतून रस्ता दिसेल एवढी जागा त्यांनी मोठ्या मनानं मोकळी सोडली. मग पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन त्या मेघाच्या शेजारी बसल्या.

पाणी पिण्यासाठी नव्हतं. उन्हात हळूहळू चालवली की जुन्या गाडीचा पेट्रोलचा पंप तापतो आणि गाडी गप होते. त्यावर उपाय एकच. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची.

रॅली निघाली. पुढं आप्पासाहेबांची उघडी जीप, मग बाकीच्या म्हाताऱ्या गाड्या, शेवटी सगुणा आणि तिच्या मागं सखारामचा टेम्पो. आणि मंडळी, मोंढा नाका फार लांब राहिला. चिकलठाण्यातल्या पहिल्याच मंगल कार्यालयासमोर सगुणेनं एक उसासा टाकला आणि ती थांबली!

"ताई, घ्यू का वर?" सखारामनं टेम्पोतून मान काढली.

"पाच मिनिटं थांबा!"

मेघानं बॉनेट उघडलं, फडकं भिजवलं, पंपावर टाकलं, पुन्हा भिजवलं. कॅन रिकामा झाला. तिनं बॉनेट लावलं, तेवढ्यात मागून गर्जना झाली.

"आली! आली! काय हो डायवरताई, किती उशीर!"

फेटा बांधलेले एक मामा धावत आले. नाव बद्रीनाथ, काम नवरदेवाचा मामा. त्यांनी नवरदेवाच्या परण्यासाठी जुनी, सजवलेली मोटार सांगून ठेवली होती. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो, तो परण्या. सांगितलेल्या मोटारीचा पत्ता नव्हता आणि दारात ही उभी. डहाळ्यांसकट!

"अहो, ही ती गाडी नाही—" मेघा म्हणेपर्यंत मागचं दार उघडलं. मुंडावळ्या सावरत नवरदेव आत बसला. त्याच्या मागोमाग पाण्यानं भरलेला कऱ्हा हातात धरून करवली बसली.

"उतरा, कृपा करून उतरा!"

"मेघा!" वच्छलाबाईंनी तिचं मनगट धरलं. "परण्याला बसलेल्या नवरदेवाला मारुतीच्या आधी खाली उतरवतेत व्हय गं? कुणाच्या लेकराला अपशकुन करती?"

"आई, आपली रॅली आहे!"

"मारुती हितंच वेशीपशी हाय. सोडू अन् जाऊ."

किल्ली फिरवताच सगुणा लाजत लाजत सुरू झाली. छोट्या ट्रकवर चढलेला बँड पुढं लागला. मारुतीचं दर्शन झालं, नारळ फुटला, नवरदेव परत येऊन बसला. आता गाडी वळवायची आणि कार्यालयात सोडायची, एवढंच!

चौकात हवालदार उभा होता.

"रॅलीची गाडी उलटी न्हाई जायची! सरळ!"

"साहेब, आम्ही रॅलीत नाही. म्हणजे आहोत. पण हा नवरदेव—"

"देखावा पुढं नेऊन दाखवा. चला, चला!"

त्यानं बँडलाही सरळ जायला लावलं. बँडवाल्यांचा कुठंही जायला आक्षेप नव्हता. ते वाजवत सुटले. अशा रीतीनं जालना रोडवर पुढं बँड, मध्ये सगुणा, मागं टेम्पो आणि बाजूनं मोटारसायकलवर बद्रीनाथमामा.

"डायवरताई! पोरगं कुठं चालवलं आमचं? तिकडं भटजी खोळंबलाय!"

"मामा, वळायला जागा मिळू द्या!"

"नवरी ह्या बाजूला हाय हो!"

मागं बसलेला गोकुळ नवरदेव मात्र शांत होता. "ताई, ह्या गाडीला किती वर्षं झाली?" त्यानं विचारलं.

"तुझं लगीन हाय आज, गोकुळ!" करवली म्हणाली. ती त्याची थोरली बहीण होती.

"म्हणून गाडीचं इचारू नये का?"

सिडको गेलं, सेव्हन हिल्स गेलं. पुढच्या गाड्या जागोजागी हार घ्यायला थांबत होत्या, म्हणून सगुणेनं त्यांना गाठलं. रस्त्याच्या कडेनं लोक फोटो काढत होते. गोकुळ हात हलवायला लागला होता. आणि मोंढा नाका आला.

सगुणेला जागा ओळखू आली असावी. ती जिथं दरवर्षी रुसायची तिथंच, हातभरसुद्धा पुढं नाही, मागं नाही, गपकन थांबली.

"ताई, घ्यू का आता?" सखारामनं फळीसुद्धा खाली सोडली.

"बँडवाले धक्का मारतेत की!" बद्रीनाथमामा ओरडले.

"धक्का नाही!" मेघाचा आवाज असा चढला की सनईवाला मध्येच थांबला. "कुणी हात लावायचा नाही गाडीला!"

तिनं बॉनेट उघडलं. फडकं वाळून पापड झालं होतं. कॅन रिकामा. पलीकडं जीपमध्ये उभे राहून आप्पासाहेब टेम्पोला हातानं खुणावत होते. मेघाला टेम्पोवरची फळी दिसली, फोटोसाठी राखून ठेवलेली जागा दिसली. तिचे डोळे भरून आले. मग तिला मागच्या सीटवरचा कऱ्हा दिसला.

"ताई, ते पाणी द्याल?"

करवलीनं कऱ्हा छातीशी धरला. "शकुनाचं पाणी हाय हे!"

वच्छलाबाई मागं वळल्या. नुसत्या बघत राहिल्या.

"आक्का, वत," गोकुळ म्हणाला. "गाडी चालू झाली तरच माझं लगीन लागंल. ह्याच्यापेक्षा मोठा शकुन कोणता?"

करवली उतरली. तोंडानं काहीतरी पुटपुटत, हळद-कुंकू वाहिल्यासारखं तिनं पंपावर थेंब थेंब पाणी सोडलं. सगळा नाका पाहत होता. मेघानं किल्ली फिरवली. एकदा खरखर. दुसऱ्यांदा खरखर. तिसऱ्यांदा सगुणा शिंकली आणि चालू झाली! बँडनं आपणहून वरचा सूर लावला. सखारामनं फळी वर घेतली आणि खिशातून रुमाल काढून उगाच काच पुसली.

क्रांती चौकात व्यासपीठावरून घोषणा झाली. "आणि हा पाहा पारंपरिक मराठवाडी लग्नाचा जिवंत देखावा! नवरदेवाची भूमिका करणाऱ्या कलाकारासाठी जोरदार टाळ्या!"

"भूमिका न्हाई हो!" गोकुळ खिडकीतून ओरडला. "माझं खरंच लगीन हाय! मला सोडा!"

"वा! काय अभिनय आहे!"

सर्वोत्कृष्ट देखाव्याची ढाल सगुणेला मिळाली. रॅलीचं बाकी मंडळ, इंजिनं घासूनपुसून आलेलं, टाळ्या वाजवताना दात खात होतं. आप्पासाहेब मात्र जीपमधून उतरून आले आणि सगुणेच्या बॉनेटवर हात ठेवून, माईक नसताना बोलावं तसं हळू म्हणाले, "पोचली की."

त्यांनीच पोलिसांना सांगून उलटा रस्ता मोकळा करून दिला. मोकळ्या रस्त्यावर, वारा लागल्यावर, सगुणा हरणासारखी पळाली.

लग्न लागलं. मुहूर्त टळला होता, पण भटजींनी दुसरा शोधून काढला. पंगतीत मेघा आणि वच्छलाबाईंना आग्रहानं बसवलं. निघताना बद्रीनाथमामा टॉवेल-टोपी घेऊन गाडीपाशी आले. वाटेत केलेला आरडाओरडा विसरून आता ते नुसते हसत होते.

"ताई, असली गाडी बाईमाणसाच्या हातात पहिल्यांदा बघितली. कोणी शिकवली?"

"वडिलांनी."

"मंग हा आहेर त्यांना. अन् म्हणावं, लेकीला चांगलं तयार केलंय!"

मेघानं टॉवेल-टोपी दोन्ही हातांनी घेतली. "सांगते," ती म्हणाली.

गाडीत बसून तिनं आहेर मागच्या सीटवर नीट ठेवला. स्टिअरिंग धरलं. पण किल्ली फिरवेना. तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटती?" वच्छलाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "बोलायचंय तर मोठ्यानं बोल की. त्यांना कमीच ऐकू येत होतं."

मेघानं मागच्या सीटकडं वळून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"अण्णा, तुम्हाला गाडी कधीच चालवता आली नाही! क्लचवरचा पाय तुम्ही जन्मात काढला नाहीत! पण शिकवलीत तुम्ही फार छान. फार म्हणजे फारच छान, अण्णा."