कैलासदादाचा नेम

माळ्यावरून टेबलफॅन काढायला चढलेले दिनानाथ राऊत टेबलफॅनऐवजी व्हिडिओ गेम घेऊन खाली उतरले. खोक्यावरची धूळ त्यांनी शर्टानेच पुसली. आत सगळं शाबूत होतं. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि नारिंगी पिस्तूल.

"फॅन कुठाय?" स्टूल धरून उभ्या असलेल्या बायकोने, चारुताने विचारलं.

"फॅनचं राहू दे. कैलासदादा रविवारी येतोय ना?"

एवढ्यावरून चारुताला सगळं कळलं. पंच्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, शिरगावच्या घरी, चुलतभाऊ कैलासदादाने दिनानाथना बदकं टिपायच्या खेळात हरवलं होतं. कैलासदादाची चाळीसपैकी चाळीस, दिनानाथची नऊ. मुलांचा खेळ, विसरून जायला हवा होता. पण कैलासदादा विसरू देत नव्हता. बारसं असो, साखरपुडा असो, चार माणसं जमली की तो सुरू व्हायचा, "आमचा दिन्या बोईसरच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे तेच बरं. सैन्यात गेला असता तर बदकांनी देश घेतला असता."

आता कैलासदादाच्या मुलीचं, हेतलचं मनोरला लग्न होतं. रविवारी तो पत्रिका घेऊन येणार आणि पुढच्या आठवड्यात मंडपात नव्या व्याह्यांसमोर हाच किस्सा सांगणार. दिनानाथनी ठरवलं, त्याआधी सामना पुन्हा झाला पाहिजे.

"पप्पा, हा गेम लॅपटॉपवर फुकट मिळतो. दहा मिनिटांत टाकून देते," मुलगी किंजल म्हणाली.

"माउसने बदकं मारून गेलेली अब्रू परत येते का?"

किंजलने कुठूनसा एक अडॅप्टर आणून गेम हॉलमधल्या नव्या त्रेचाळीस इंची टीव्हीला लावला. कॅसेटवर फुंकर मारली. निळं आकाश आलं, गवत आलं, फडफडत बदक आलं. दिनानाथचे डोळे पाणावले. त्यांनी नेम धरला आणि चाप ओढला. बदक निवांत उडत गेलं. पन्नास गोळ्या झाडल्या तरी एकही पडलं नाही.

"दादा काही खोटं सांगत नाहीत," सोफ्यावर मेथी निवडत चारुता म्हणाली.

किंजलने मोबाइलवर शोधून सांगितलं, "पप्पा, तुमचा दोष नाही. ही बंदूक फक्त जुन्या, मागून फुगीर टीव्हीवर चालते."

मग फुगीर टीव्हीचा शोध सुरू झाला. बोईसरचे तीन भंगारवाले झाले. तिसरा म्हणाला, "साहब, वो डब्बा अब हम भी नहीं उठाते." शेवटी गुरुवारी सातपाटीहून मासे घेऊन येणाऱ्या मंगळीने दारात टोपली उतरवता उतरवता ऐकलं आणि म्हणाली, "माज्या घरी हाय की. चालू हाय."

"मावशी, दोन दिवस द्याल?"

"देन. पन सातची मालिका मी सोडनार नाय. तुमचा टीवी माज्याकडं ठेवा."

"चालेल!" दिनानाथ म्हणाले.

"कुणाला चालेल?" आतून चारुताचा आवाज आला. पण तोवर मंगळीने व्यवहार पक्का करून दोन पापलेटं जास्त टाकली होती.

शनिवारी टेम्पो त्रेचाळीस इंची टीव्ही घेऊन सातपाटीला गेला आणि तिथला फुगीर टीव्ही घेऊन आला. सोसायटीची लिफ्ट नेमकी दुरुस्तीला बंद होती आणि घर तिसऱ्या मजल्यावर. कारखान्यात दिनानाथ दर सोमवारी कामगारांना शिकवत, 'जड वस्तू कमरेत वाकून उचलू नका, गुडघ्यात बसून उचला.' त्या दिवशी उत्साहाच्या भरात ते कमरेत वाकले. टीव्ही उचलला गेला, पण दिनानाथ पुन्हा सरळ झाले नाहीत. टेम्पोवाल्याने आणि वॉचमनने आधी टीव्ही वर नेला, मग दिनानाथना.

रविवारी अकरा वाजता कैलासदादा आला तेव्हा यजमान हॉलमध्ये चटईवर पालथे पडले होते. छातीखाली उशी, हातात नारिंगी पिस्तूल, आणि खोलीभर बाम.

"अरे, पाहुणा यायच्या आधीच आडवा?" कैलासदादा हसला. मग त्याला पिस्तूल दिसलं. त्याने खोलीभर नजर फिरवली. "किंजल, तो टीव्हीवरचा पिवळा बल्ब लाव गं. अंधार वाटतो."

बाहेर लख्ख ऊन होतं. पण काकांचं वय झालं असेल म्हणून किंजलने टीव्हीच्या शोकेसच्या माथ्यावरचा बल्ब लावला.

"सामना पुन्हा, दादा," म्हणत दिनानाथनी पालथं पडूनच सुरुवात केली. दहापैकी सात! किंजलने टाळ्या वाजवल्या. मग कैलासदादाने पिस्तूल घेतलं. दहापैकी दहा. पुन्हा दहापैकी दहा. दिनानाथनी उशीत तोंड खुपसलं.

तेवढ्यात चारुता चहा घेऊन आली. "भर दिवसा दिवा कुणी लावला?" असं म्हणत तिने बल्बचं बटण बंद केलं.

पुढच्या दहापैकी कैलासदादाचं एकही बदक पडलं नाही.

"हात भरून आला वाटतं," तो म्हणाला. अजून दहा सुटली. सगळी जिवंत. त्याच्या कपाळावर घाम आला. "चारुता, तो दिवा जरा..."

"काका," किंजल म्हणाली, "बदक खाली गवतात आहे. तुमचं पिस्तूल वर कुठे?"

सगळ्यांनी पिस्तुलाच्या टोकापासून नजर पुढे नेली. ती थेट शोकेसवरच्या बल्बवर जाऊन थांबली.

कैलासदादा सोफ्यावर बसला. चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. "त्या बंदुकीला नुसता उजेड लागतो रे," तो शेवटी म्हणाला. "बल्बवर धरली की तिला वाटतं बदक मेलं. शिरगावला टीव्हीच्या वरच बल्ब होता. एकदा चुकून हात वर गेला आणि बदक पडलं. मग मी हात खाली आणलाच नाही."

"तीस वर्षं!" दिनानाथ उठायला गेले आणि कळवळून पुन्हा पालथे झाले. "तीस वर्षं मी हसं करून घेतोय! दादा, तू हे मनोरला मंडपात, माइकवर, सगळ्यांसमोर सांगायचंस."

"सांगेन."

"पत्रिकेवरच्या गणपतीवर हात ठेव."

कैलासदादाने हात ठेवला. वर, प्रायश्चित्त म्हणून, फुगीर टीव्ही खांद्यावर घेऊन तीन मजले उतरला आणि स्वतः सातपाटीला पोचवला. मंगळी वाटच बघत होती. "न्या बाबा तुमचा मोठा टीवी! कालपासून वीस-वीस मानसं येतात बगायला. चा पाजून पाजून दमली मी."

लग्नाच्या दिवशी दिनानाथ कमरेला पट्टा बांधून पहिल्या रांगेत बसले. तीस वर्षांत मंडपात ते पहिल्यांदाच ताठ बसले होते. थोडं पट्ट्यामुळे, बरंचसं समाधानाने. जेवणाच्या पंगती सुरू व्हायच्या आधी कैलासदादाने खरोखरच माइक घेतला. शब्दाचा पक्का माणूस. त्याने काही लपवलं नाही. बल्ब सांगितला, चाळीस बदकं सांगितली, टीव्हीची अदलाबदल सांगितली, चटई आणि बामसुद्धा सांगितला.

पहिल्यांदा व्याही हसले. मग त्यांच्या मागची रांग. मग पंगतीला ताटं मांडणारे वाढपी ताटं खाली ठेवून हसायला लागले. "काय डोकं आहे माणसाचं!" व्याही मांडीवर थाप मारून म्हणाले. नवऱ्यामुलाने पुढे होऊन सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. चारुता पदर तोंडाला लावून हलत होती. जुन्या किश्शाला कधी एवढा हशा मिळाला नव्हता.

गर्दीतून वाट काढत जयवंतीआत्या दिनानाथपाशी आल्या. आत्यांनी त्यांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

"दिना, तीस वर्षं तुला तो बल्ब दिसला नाय?"

"मी टीव्हीकडे बघत होतो, आत्या."

"तेच तर रे," आत्या म्हणाल्या, आणि हसू आवरेना म्हणून त्यांच्याच शेजारी खुर्चीत बसल्या.