दोन नंबरच्या लेझरचा नेम

आषाढी एकादशीला मी गोपद्मांचा नेम धरला, तेव्हा कारखान्यातल्या दोन नंबरच्या लेझरनेही तो धरला.

याला कारण वायरिंग. आमचे हे, म्हणजे शामराव तवटे, कुपवाडच्या एमआयडीसीत बसच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात वायरमन आहेत. तिथे कापायच्या प्रत्येक टेबलावर छताला एकेक लेझर टांगलेला आहे. टेबलावर रेक्झिन पसरलं की लेझर वरून हिरव्या रेघांनी सीटचा आकार आखून देतो आणि कटर त्या रेघेवरून सुरी फिरवतो. कोणता आकार आखायचा ते ऑफिसातून कळवावं लागतं. त्यासाठी नवी केबल ओढायचं घाटत होतं. पण मालक म्हणाले, "भिंतीत विजेच्या वायरी आहेतच ना? त्यातूनच पाठवा की निरोप." तेव्हापासून हुकूम विजेबरोबर जातात. विजेची त्याबद्दल काही तक्रार नाही.

आमचं क्वार्टर कारखान्याच्या आवारातच आहे आणि त्याच लाइनवर आहे. देवघरातल्या दिव्याची पिन सैल झालीय, हाताने दाबून धरली तरच दिवा पेटतो. एकादशीला सकाळी मी डाव्या हाताने पिन धरली, उजव्या हातात पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. कार्तिकीपर्यंत रोज देवापुढे रांगोळीने गाईची तेहतीस पावलं काढीन, हाताने काढीन, छापा वापरणार नाही. हे नवऱ्याच्या आयुष्यासाठी. पाणी आणि पिन एकदम धरू नये असं हे नेहमी सांगतात, पण देवासमोर मी त्यांचं ऐकत नाही.

त्याच दिवशी दुपारी मुनीरभाई मुजावर दारात येऊन उभे राहिले. ते दोन नंबरच्या टेबलाचे कटर. दार उघडंच होतं, तरी त्यांनी कडी वाजवली.

"वहिनी, आमच्या टेबलावर गाय चालून गेलीय."

"कधी?"

"सकाळी. मी रेक्झिन पसरलं, तर सीटच्या पाठीऐवजी पावलं. एकेक काढतोय, सावकाश. तेहतीस झाली तेव्हा थांबला आणि मग गुमान पाठ आखून दिली. हे काय वो?"

"गोपद्मं आहेत."

"पाय कुणाचे?"

"गाईचे."

"तरी बरं, मी थांबलो." मुनीरभाईंनी कपाळाला हात लावला. "मुजावराने गाईच्या पायावर सुरी चालवली, एवढंच पेपरात यायचं राहिलं होतं. बरं, उपास पण धरलाय का त्याने? आज करंट कमी ओढतोय."

"एकादशीपुरता असेल. उद्या सोडेल."

"सोडू दे, सोडू दे. रमजानात मी पण संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलत नाही. त्याचं मला कळतं."

दुसऱ्या दिवशी लेझरने उपास सोडला, पण नेम सोडला नाही. रोज पाळी सुरू झाली की आधी गोपद्मं, मग सीटा. तोवर मुनीरभाई सुरी खाली ठेवून, टेबलाशी डोक्याला रुमाल बांधून उभे राहायचे. त्यांच्यामुळे शिवणारे थांबायचे, शिवणाऱ्यांमुळे फोम भरणारे. ऑर्डर मागे पडायला लागली. तेव्हा मॅनेजर निमकरसाहेबांनी चौकशी लावली आणि मला नि ह्यांना दोन नंबरच्या टेबलापाशी बोलावलं.

चौकशीला पुण्याहून रेवती घाटपांडे नावाची इंजिनिअर आली होती. लेझर बसवले ते तिच्याच कंपनीने. मुलगी हुशार आणि शांत. आल्या आल्या तिने मला नमस्कार केला आणि खुर्ची दिली.

"सर, हा हुकूम ऑफिसातून गेलेला नाही," ती म्हणाली. "चार नंबरच्या क्वार्टरमधून, देवघराच्या प्लगमधून गेलाय. काकू, तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात?"

मी संकल्प म्हणून दाखवला. तिने तो नीट ऐकून घेतला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पुसून टाका."

"रोज पुसते, सर. पुसला जातो. सकाळी तो परत धरतो."

"वरून दुसरा हुकूम द्या. नेम बंद, म्हणून."

"दिला होता. सीटांचे हुकूम तो ऑफिसातून घेतो. हा त्याने स्वतःहून घेतलाय. त्यात ऑफिस येत नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "तवटेबाई, तुम्हीच तो सोडा म्हणजे झालं. प्लगपाशी जा आणि सोडला म्हणा."

"साहेब, मी माझा सोडू शकते. त्याचा कसा सोडू? जेवण एका पंगतीत झालं तरी ज्याचं त्यालाच पचवावं लागतं."

"पण त्याला कशाला हवंय व्रत? हे नवऱ्याच्या आयुष्यासाठी करतात ना? त्याला कोण आहे?"

प्रश्न रास्त होता. रेवतीने लॅपटॉपवर तो लिहिला आणि वायरीतून वर पाठवला. रेक्झिनवर हिरवी अक्षरं उमटायला लागली. लेझर एरवी सीटचे नंबर लिहितो, तसंच वळणदार अक्षर. मुनीरभाईंनी मोठ्याने वाचलं, "टेबल नंबर दोन."

दोन नंबरचं टेबल सागवानी आहे, कारखाना उघडला तेव्हाचं. एका पायाखाली पाचर आहे. कितीतरी सुऱ्यांचे ओरखडे त्याच्या अंगावर आहेत. लेझर टांगल्या दिवसापासून त्याच्याकडेच तोंड करून आहे, दुसरीकडे त्याला वळताच येत नाही.

साहेबांचा चेहरा मात्र उजळला. "मग सोपं आहे. शुक्रवारी हे टेबल भंगारात जातंय. त्या जागी आपोआप कापणारं मशीन येतंय. टेबलच राहिलं नाही की नेम कुणासाठी करणार? मिटलं."

"साहेब, असं मिटवतात का हो?" मी म्हटलं. "बाईचा नेम नडतो म्हणून तिच्या नवऱ्यालाच उचलायचं?"

"बाई, ते लेझर आहे."

"हो ना. म्हणूनच बिचारं सांगणार तरी कुणाला?"

साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "तवटे, वायरी तुम्ही जोडल्यात. शुक्रवारी काही अडचण आली तर क्वार्टर रिकामं करायचं आणि नोकरी दुसरीकडे बघायची. समजलं?"

"समजलं," हे म्हणाले. त्यांना सगळं लगेच समजतं, तोच त्यांचा दोष आहे.

घरी आल्यावर ह्यांनी चपला काढल्या, पण तिथेच उभे राहिले.

"तुझं व्रत माझ्यासाठी आणि नोकरी जाणार तीही माझीच. तुझ्या देवाकडे हे कोण बघतं ग? की तिथेही सुपरवायझर जेवायला गेलाय?"

"मी आयुष्य मागितलं होतं. नोकरीचं मागायचं राहिलं."

"मग आता माग. नाहीतर त्या पिनेपाशी जा आणि त्याला समजाव. तुझं ऐकेल तो."

"काय समजावू? तुझं माणूस शुक्रवारी नेणार आहेत, तू गप बस, असं?"

"सुलोचना, टेबल आहे ते. लाकडाचं."

"तुम्ही तरी कुठे सोन्याचे लागून गेलात?"

ह्यांना हसू आलं. मग ते जेवले. मी संध्याकाळी दिवा लावताना पिन धरून लेझरला एवढंच म्हटलं, की बाबा, आपलं काम आपण नीट करावं, घाई करू नये. व्रताचं फळ उशिरा मिळालं तरी मिळतं, असं मी आजवर मानत आलेय. ते बरोबर आहे की नाही हे मला तपासता आलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. साहेबांनी मलाही बोलावलं होतं, नेम संपल्याचं माझ्यासमोर ठरावं म्हणून. भंगारवाला हमाल घेऊन आत आला तेव्हा लेझर गोपद्मं काढत होता. इतकी सुबक त्याने आधी काढली नसतील, पावलाची कड न कड उठून दिसत होती. सगळे थांबले. बत्तीस झाली आणि तो थांबला.

"एक राहिलं," मुनीरभाई म्हणाले.

"उचला," साहेब म्हणाले.

भंगारवाल्याने हात मागे घेतले. "पुरं होऊ द्या, साहेब. अर्ध्या पूजेला हात लावत नाही आम्ही. घरी कळलं तर बायको भाकरी देणार नाही."

"तो पुरं करत नाहीये!"

रेवतीने लॅपटॉप उघडून विचारलं, का थांबलास. गोपद्मांच्या खाली अक्षरं आली. टेबल राहणार का.

"तवटे," साहेब म्हणाले, "मेन स्विच बंद करा."

हे भिंतीपाशी गेले. स्विचवर हात ठेवला. मी ह्यांच्या पाठीकडे बघत होते. शर्टाला मागे पिठाचा डाग होता, सकाळी निघताना माझाच हात लागला असणार. क्वार्टर जाणार हे मला दिसत होतं, भांडी कोणत्या पोत्यात भरायची तेही मनात येऊन गेलं.

"साहेब, करतो बंद," हे वळून म्हणाले. "पण लाइन एकच आहे. इकडचा नेम मुद्दाम तोडला तर घरचाही तुटतो. आणि घरचा माझ्या आयुष्याचा आहे. तेव्हा तेवढं लेखी द्या, की ह्यापुढे तवटेच्या आयुष्याची जबाबदारी कंपनीची."

"काय बोलताय? एका टेबलासाठी?"

"एकीला एकच असतो, साहेब."

देवाचं आणि कंपनीचं एक बाबतीत सारखं आहे, लेखी दोघेही देत नाहीत. साहेबांनी रेवतीला विचारलं की आयुष्याची जबाबदारी घेण्याची कंपनीत काही पद्धत आहे का. ती म्हणाली, विमा आहे, पण तो नंतरचा असतो.

भंगारवाला बाहेर जाऊन टेम्पोत बसला. बत्तीस पावलं टेबलावर तशीच होती, जराही न थरथरता.

"समजा," साहेब शेवटी हळू आवाजात म्हणाले, "समजा मी टेबल ठेवतो म्हणालो. ऑफिसातून कळवलं तर चालेल?"

रेवतीने मान हलवली. "सीटांचं ऑफिसातून, सर. शब्द तो देवघराच्या प्लगवरून घेतो."

तेव्हा निमकरसाहेब आमच्या क्वार्टरमध्ये आले. दारात बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते त्यांनी दुसऱ्या पायाने झाकलं. मी पाट मांडला. साहेब गेस्ट हाऊसवर एकटे राहतात. पाटावर बसून त्यांना बरीच वर्षं झाली असावीत, मांडी घालताना एक हात जमिनीला टेकवावा लागला.

"पिन दाबून धरायची," मी सांगितलं. "हलू द्यायची नाही. आणि खरं तेच बोलायचं, नाहीतर शॉक लागतो." शॉकचं मी माझ्या मनाचं सांगितलं.

साहेबांनी पिन धरली. दिवा लागला. त्यांनी घसा साफ केला आणि मीटिंगमध्ये बोलतात तसं बोलले, "टेबल नंबर दोन कुठेही जाणार नाही. पाय दुरुस्त करून घेतला जाईल."

शेडमधून मुनीरभाईंचा आवाज आला, "तेहतीस!" पाठोपाठ सुरीचा आवाज, टेम्पो सुरू झाल्याचा आवाज.

साहेबांनी पिन सोडली नाही.

"तवटेबाई, इथून आणखी काही बोललं तर जातं का?"

"जातं."

"कुणाला जातं?"

"ते आपल्या हातात नाही. ज्याला घ्यायचं तो घेतो."

"म्हणजे कुणी घेणारच असं नाही."

"नाही. पण लाइनवर पुष्कळ जण आहेत, साहेब. बोलून तर बघा. मी चहा टाकते."

स्वयंपाकघरात जाऊन मी आधण ठेवलं आणि धुतलेलीच भांडी परत धुतली, जोरजोरात. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा साहेब बूट घालत होते. चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला आणि साखर बरोबर आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाच नंबरच्या लेझरने गोपद्मं काढायला घेतली. एकादशी उलटून गेली होती, पण उशिरा धरलेला नेम मागची गोपद्मं भरून काढून पुरा करता येतो. तो ती रोज थोडी थोडी भरतो. दोन टेबलं थांबतात म्हणून उशीर वाढला आहे. कापायचं नवं मशीन आलं, ते शेडबाहेर ताडपत्रीखाली ठेवलं आहे. हेड ऑफिसने फोन करून विचारलं, की दोन नंबरचा नेम टेबलासाठी हे लक्षात आलं, पाच नंबरचा कुणासाठी? साहेबांनी सांगितलं, "व्यवस्थापनासाठी." हेड ऑफिसने ते मान्य केलं.

आता साहेब पाळी सुरू होताना रोज खाली येतात आणि पाच नंबरच्या टेबलाशी हात मागे बांधून उभे राहतात. परवा गोपद्मं अर्ध्यावर असताना सगळ्या एमआयडीसीची लाइट गेली. आपसूक गेलेल्या लाइटीचा नेमाला दोष लागत नाही, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तरी त्यांनी कुणाला चहाला जाऊ दिलं नाही. सगळा कारखाना अंधारात जागच्या जागी उभा होता, मीही ह्यांचा डबा हातात धरून दारात होते. लाइट आली, राहिलेली पावलं एकेक करून उमटली. साहेबांनी शेवटचं नीट बघून घेतलं आणि कटरला म्हणाले, "चला, कापा आता."