शिवेवरची उशी

जगातलं सगळ्यात लहान सरकार कोणतं, असं कुणी विचारलं तर मी छाती पुढे काढून सांगेन: आमचं हॅझलकोटचं पॅरिश कौन्सिल, म्हणजे गावपंचायत! लंडनचं पार्लमेंट युद्ध पुकारू शकतं, मान्य. पण गावाच्या हिरवळीवरच्या बाकाचं तोंड चर्चकडे करायचं की पबकडे, हे त्यांनी एकदा ठरवून दाखवावं! आम्ही ठरवलं. दोन हिवाळे लागले, पण ठरवलं. शेवटी तळ्याकडे केलं. आता बाकावर बसणाऱ्याला ना देव दिसतो ना दारू, फक्त बदकं दिसतात!

मी त्या कौन्सिलची चिटणीस होते. सभेचं वृत्त लिहायचं, सभागृहातला स्टोव्ह पेटवायचा आणि एकमेकांशी न पटणाऱ्या सभासदांना लांब लांब बसवायचं, ही माझी कामं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, कारण सभागृह लहान होतं. आज मला समोरच्याचं बोलणं धड ऐकू येत नाही, पण तेव्हाची भांडणं अजून लख्ख ऐकू येतात.

लढाई संपून साखर रेशनमधून सुटली त्यानंतरची गोष्ट. सगळं गाव जरा गोड वागत होतं. अपवाद आमचे अध्यक्ष, मिस्टर पॉथेकरी. हा माणूस बँकेतून निवृत्त झाला होता, पण बँक त्याच्यातून निवृत्त झाली नव्हती. नियम म्हणजे नियम! बोलताना मिशीसुद्धा सरळ रेषेत हलायची.

तर, कौन्सिलचा एक भाजीचा मळा होता. त्याचे तुकडे पाडून गावकऱ्यांना लावायला दिलेले. त्यातला पंपाजवळचा, काळ्याभोर मातीचा तुकडा म्हाताऱ्या जेबेझ लफकडे होता. जेबेझचा कांदा म्हणजे कांदा नव्हे, ते लहान मुलाचं डोकंच! गावच्या प्रदर्शनात दरवर्षी पहिला. शेजारच्याच तुकड्यात मिस्टर पॉथेकरींचा कांदा. तो दरवर्षी दुसरा. आता दुसरं येणं वाईट नाही हो, पण ज्याच्यामुळे आपण दुसरे येतो त्याच्याकडे पाठ करून रोज खुरपणी करायची म्हणजे फार झालं!

त्या वसंतात जेबेझच्या झोपडीचं छप्पर बसलं. बायको आधीच गेलेली. म्हातारा आपला बिछाना उचलून ओढ्यापलीकडे, लेकीच्या घरी, आयव्हीकडे राहायला गेला. आणि ओढ्यापलीकडे म्हणजे ड्रेफोर्ड. दुसरं पॅरिश!

पुढच्या सभेत मिस्टर पॉथेकरी उभे राहिले.

"मळ्याचा नियम काय सांगतो, मिसेस टफिन?"

"ज्याचा बिछाना हॅझलकोटच्या हद्दीत, त्यालाच तुकडा," मी म्हणाले.

"लफ यांचा बिछाना ड्रेफोर्डात आहे. सबब तुकडा सोडावा."

श्रोत्यांच्या बाकावरून जेबेझ उठला. हातात टोपी, पण आवाज टोपी न काढलेला.

"साहेब, ओढा म्हणजे शीव कुणी सांगितलं तुम्हाला? ओढा दर पुरात कूस बदलतो. शीव दगडांवरून जाते. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत. नाकासमोर!"

"मग सिद्ध करा!"

"तुम्हीच करा की. शीव बडवा!"

सभागृहात एकदम उत्साह पसरला. शीव बडवायची म्हणजे सगळ्या गावानं मे महिन्यात पाद्रीबाबांना पुढे घालून गावाच्या हद्दीवरून चालायचं, आणि शिवेचा दगड आला की त्याला विलो झाडाच्या काठ्यांनी झोडपायचं. जुनी रीत. लढाईच्या आधीपासून कुणी पाळली नव्हती. मिस्टर पॉथेकरींनी टेबलावर मूठ आपटली.

"बडवू! आणि दगडापासून दगडापर्यंत सरळ रेषेत. वाटेत काय वाटेल ते येवो, एक इंच इकडेतिकडे नाही!"

मी लगेच योजना आखली. आणि सांगते, योजना उत्तम होती! काठ्या कापून आणल्या, काकडीची सँडविचं केली, रेषा चुकू नये म्हणून सुतळीचा भलामोठा गुंडा घेतला. एका दगडाला सुतळी बांधायची, ताणत पुढच्या दगडापर्यंत न्यायची, आणि तिच्यावरून चालायचं. दुपारच्या चहाला सगळे घरी!

रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून आम्ही निघालो. पुढे पाद्रीबाबा मिस्टर फेल, झगा सावरत. मागे मिस्टर पॉथेकरी, सुतळीचा गुंडा छातीशी धरून, जणू राजमुकुटच. मग मी, मग सगळं गाव, आणि शेवटी जेबेझ, पाईप ओढत, वरातीत आल्यासारखा.

पहिल्या दगडाला इतकं झोडपलं की दोन काठ्या मोडल्या. दुसरा दगड सापडला, पण रेषा मिसेस गॅपच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून गेली.

"वळसा घालू या का?" पाद्रीबाबांनी हळूच विचारलं.

"एक इंचही नाही!"

पाद्रीबाबा आत रांगत गेले आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आले तेव्हा टोपीवर पिसं होती आणि खिशात अंडं! "देवानं दिलं," म्हणाले. "देवानं नाही, माझ्या हेन्रिएटानं दिलं!" मिसेस गॅप ओरडल्या आणि अंडं काढून घेतलं.

पुढे ओढा आला. सुतळी थेट ओढ्यात शिरली आणि पलीकडे निघाली. म्हणजे शीव खरोखरच ओढा सोडून पुढे गेली होती! मिस्टर पॉथेकरींची मिशी खाली आली. जेबेझनं पाईप तोंडातून काढून नुसतं "हं" म्हटलं. त्या एका "हं"मध्ये सगळा कांदा होता.

गुडघाभर पाण्यातून सगळे पार झालो आणि सुतळी गेली सरळ आयव्हीच्या घराकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत! आयव्ही ओव्हनमधून मटण काढत होती. वळून बघते तर दारातून अख्खं गाव येतंय, चिंब ओलं, हातात काठ्या!

"बाबा! एवढी माणसं जेवायला सांगितली होतीत, तर आधी बोलायचं नाही का?"

"जेवायला नाही गं. हे माझा बिछाना बघायला आलेत!"

"तो अजून घातलेला नाही हो!" आयव्ही कळवळून म्हणाली. बाईला पाहुण्यांचं नाही, चादरीच्या सुरकुत्यांचं दुःख!

सुतळी स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत गेली आणि जेबेझच्या खाटेवरून आडवी निघाली. अलीकडे उशी, पलीकडे पांघरूण. मी वाकून नीट पाहिलं.

"उशी ड्रेफोर्डात. बाकी सगळं हॅझलकोटात," मी जाहीर केलं.

"म्हणजे बहुतेक सगळा मी हॅझलकोटातच!" जेबेझ म्हणाला. "पोट, पाय, गुडघे. गुडघ्यांनीच तर कांदे लावतो मी!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. पण मिस्टर पॉथेकरींनी हात वर केला.

"शांतता! माणूस झोपतो कशानं? डोक्यानं! पाय नुसते पडलेले असतात. पाद्रीबाबा, आपलं काय मत?"

पाद्रीबाबांच्या बुटात पाणी होतं, समोर मटण होतं. त्यांना वाद वाढवायचा नव्हता. "आत्मा... बहुधा वरच्या बाजूला असावा," ते म्हणाले.

"लिहा, मिसेस टफिन! जिथे उशी, तिथे रहिवासी. हा अध्यक्षांचा निर्णय आहे, आणि तो सगळ्यांना लागू!"

मी लिहिलं. काय करणार? जेबेझ खाटेवर बसला. पाईप विझला होता. "पंपाजवळची माती आहे हो ती," एवढंच म्हणाला. "माझ्या बायकोनं राख घालून घालून काळी केली." आयव्हीनं पाठ फिरवून डोळे पुसले. आणि खरं सांगते, मला ती काठी दगडाऐवजी दुसरीकडे हाणावीशी वाटली!

पण शीव अजून संपली नव्हती. मिस्टर पॉथेकरी आता फुलले होते. सुतळी ताणत, टेकडी चढत, मोठ्यानं भजन म्हणत पुढे. मागे आम्ही, सुतकी चेहऱ्यानं. पुढचा दगड कुठे आहे याचा शोध घेता घेता मिसेस गॅपचा आवाज आला:

"अगंबाई, हा बघा! फुलझाडाची कुंडी ठेवलीय ह्याच्यावर!"

दगड एका सुंदर गुलाबाच्या वाफ्यात होता. वाफा एका नव्याकोऱ्या बंगल्याच्या मागे होता. आणि बंगला मिस्टर पॉथेकरींचा होता!

सगळ्यांनी आधी दगडाकडे पाहिलं, मग आपण आलो त्या बाजूला. मध्ये बंगला. मिस्टर पॉथेकरींचं भजन मधल्याच ओळीत थांबलं.

"इथून... बागेला वळसा घालून जायला हरकत नसावी," ते म्हणाले.

"एक इंचही नाही!" अख्खं गाव एका सुरात ओरडलं. पाद्रीबाबांचा आवाज सगळ्यात मोठा!

झोपायच्या खोलीची खिडकी उघडीच होती. पहिल्यांदा मिस्टर पॉथेकरी आत चढले, कारण सुतळी त्यांच्या हातात होती. मागोमाग पाद्रीबाबा, मी, मिसेस गॅप, जेबेझ आणि मावेल तेवढं गाव. आणि पलंगावर त्यांची बायको, म्यूरिएल पॉथेकरी! डोकं दुखतं म्हणून चर्चला न आलेली, केसांना कर्लर, तोंडाला पांढरं क्रीम! मला क्षणभर वाटलं, संगमरवरी पुतळाच आहे. मग पुतळ्यानं डोळे उघडले.

"रेजिनाल्ड! हे काय आहे?"

"म्यूरिएल, हलू नकोस! तू कुठे आहेस ते बघायचंय!"

"मी माझ्या पलंगावर आहे! हे सगळे कुठे आहेत ते बघ!"

"नमस्कार, मिसेस पॉथेकरी," पाद्रीबाबा म्हणाले आणि सवयीनं टोपी काढली. टोपीवरून एक पीस तरंगत पलंगावर पडलं.

सुतळी या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत ताणली गेली. ती म्यूरिएलच्या हनुवटीखालून गेली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी घसा साफ केला.

"दोन्ही उश्या... ड्रेफोर्डात."

मग जेबेझनं शांतपणे विचारलं, "साहेब, तुमच्या कांद्यांना आता पाणी कोण घालणार?"

आणि हसण्याचा असा स्फोट झाला की खिडकीची काच थरथरली. पाद्रीबाबा पलंगाच्या कडेवर बसून हसले. म्यूरिएलसुद्धा हसली, आणि तिच्या क्रीमला तडे गेले. मिस्टर पॉथेकरी मात्र हातातली सुतळी सोडू की धरू अशा अवस्थेत उभे, गळाला लागलेल्या माशासारखे!

पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच उभं राहून सुचवलं, की उशीचा निर्णय घाईत झाला, तो रद्द व्हावा.

"अजिबात नाही!" श्रोत्यांच्या बाकावरून जेबेझ म्हणाला. "नियम म्हणजे नियम. मी त्याच रात्री उशी फिरवली. आता पायांना स्वयंपाकघराची ऊब लागते, डोकं गार पडतं, पण लोकरीची टोपी घालून झोपतो. साहेबांनीही फिरवावी. कांद्यासाठी माणूस एवढं करतोच की!"

मतदान झालं. निर्णय कायम. दोघांचेही तुकडे कायम, पण उश्या योग्य दिशेला आहेत याची चिटणिसानं स्वतः जाऊन खात्री करावी, असाही ठराव झाला. म्हणजे मी! लोकांच्या पलंगांची तपासणी करणारी इंग्लंडमधली मी एकटीच चिटणीस असेन.

मी भल्या सकाळी आधी जेबेझकडे गेले. टोपी घालून, डोकं हॅझलकोटात ठेवून राजासारखा पडला होता. "कांद्यांना सांगा, येतोच म्हणावं!" म्हणाला. आयव्हीनं मला चहा दिला. या वेळी चादर अशी ताठ घातली होती की तिच्यावर सही करता आली असती!

मग बंगल्यावर गेले. दार म्यूरिएलनं उघडलं. गाल गुलाबी, डोळे टवटवीत. दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"या, या. बघून घ्या," ती म्हणाली.

पलंगावर दोन उश्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. तिची उशी होती तिथेच. लग्नापासून ती त्याच भिंतीकडे डोकं करून झोपत होती आणि कौन्सिलसाठी बदलणार नव्हती. मिस्टर पॉथेकरी एकटेच उलटे झोपले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

"नोंद करा, मिसेस टफिन. रहिवासी." आणि डोळा मिटला.

दाराशी म्यूरिएलनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "कौन्सिलला माझे आभार कळवा हं. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच गाढ झोपतेय! त्याचं घोरणं आता हॅझलकोटात, आणि माझे कान ड्रेफोर्डात!"

मी घरी परत आले. माझा विल्फ्रेड अजून अंथरुणातच होता, आणि आमच्या दिवाणखान्यातले कप त्याच्या घोरण्यानं किणकिणत होते. मी कौन्सिलचा नकाशा काढून टेबलावर पसरला आणि बराच वेळ पाहत बसले. काही उपयोग नाही हो! आमचं घर गावाच्या अगदी मधोमध. शीव कुठल्याच बाजूनं जवळ नाही!