कलेजीतला उजेड

साहेब, माझ्या खाणावळीत भूत आणलंत ते तुम्ही! तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडून महिने झाले, आणि तुम्ही एसीत बसून नुसत्या सह्या करताय! म्हणून तर माझी पुतणी ओवी तिचे नमुने माझ्या फ्रीजमध्ये ठेवायला लागली. नमुने म्हणजे कोंबड्यांची यकृतं. यकृताला चरबी कशी चढते, हा तिचा अभ्यास. पेशींतल्या चरबीला चिकटणारा रंग ती त्यांत सोडते. निळा प्रकाश पडला की चरबी हिरवी चमकते.

"काका, वरच्या डब्याक हात लावू नको हां. साहेबांका दाखवूचे आसत. ह्याच्यावर माझी पदवी आसा!"

"माझ्या फ्रीजातली वस्तू हलना नाय गो!" मी छाती ठोकली.

दुसऱ्याच दिवशी हलली! तिन्हीसांजेला कुडाळच्या बाजारातून परतणारी गिऱ्हाईकं तुडुंब भरली, कलेजी संपली, आणि आमच्या स्वयंपाकीणबाई वेरोनिका यांनी वरचा डबा काढून तव्यावर रिकामा केला. मला काय ठाऊक? मी एक तुकडा तोंडात टाकला, "एकदम ताजी आसा!" अशी ग्वाही दिली. ताटं टेबलांवर पोचली आणि कोणी घास घ्यायच्या आत वीज गेली.

आमच्या इन्व्हर्टरवर एकच वस्तू चालते. माश्या मारायचा निळा दिवा.

सगळं काळंमिट्ट. लांबून समुद्राची गाज. आणि ताटातली कलेजी हळूहळू हिरवी पेटली. एका ताटात, मग शेजारच्या, मग सगळ्याच! टेबलाखालून एक हिरवं तोंड माझ्याकडे सरकत आलं. नुसतं तोंड, धड नाही. ओठ चाटत होतं!

"भाई," समोरच्या टेबलावरचा महादू कुजबुजला, "तुझी जीभ बघ."

मी आरशात पाहिलं. आरशात मी नव्हतोच. जीभ तेवढी होती.

महादू गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा. तो उठला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! ह्या भाईन कालचो रस्सो आज वाढल्यान आसात..."

"व्हय म्हाराजा!" अख्खी खाणावळ. सगळ्यांत मोठा आवाज वेरोनिकाबाईंचा!

"सुरमय म्हणान मोरी मासो घातल्यान आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"गप रे मेल्या! ता एकदाच!" मी ओरडलो. माझी हिरवी जीभ हवेत नाचताना पाहून मागची दोन टेबलं पळाली ती चपला सोडून!

इतक्यात डबा न्यायला आलेल्या ओवीने मोबाईलची बॅटरी मारली. टेबलाखाली आमची मांजर मिशा पुसत होती. ताटांत ओवीचं वर्षभराचं काम, वर कांदा आणि लिंबू.

"काका... तळलंस?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. एकेक ताट तिने निळ्या दिव्याखाली धरलं आणि पुटपुटली, "चरबी किती सोबीत, देखणी दिसता..." मग माझ्याकडे वळली. "तू खाल्लंस? अरे, तो खावचो रंग नाय!"

रात्री दवाखाना. डॉक्टर म्हणाले, विषबाधा नाही. पण सोनोग्राफीत माझ्याच यकृताला भरपूर चरबी निघाली.

तर साहेब, उद्या ओवी रिकाम्या हाताने तुमच्यापुढे उभी राहील. फ्रीज तुमचा, चूक माझी. तिचं वर्ष का बुडावं? नमुनाच हवा ना? मी येतो! चरबीवालं यकृत, रंग आत गेलेला, आणि एकदम ताजं. उपाशीपोटी येऊ की जेवून? उत्तर द्या!