कोलन राहिला

अकराला परीक्षा होती आणि सव्वादहाला देगलूर शाखेतून गफूरचाचांचा तिसरा फोन आला.

"उजमा बेटी, पेपर अब्बीतक नै आया."

"कवाच पाठवला चाचा!" उजमा म्हणाली.

लातूरच्या त्या क्लासमध्ये कॉम्प्युटरवर लागून तिला जेमतेम वीस दिवस झाले होते. सराव परीक्षेचा पेपर लातूरहून सर्व्हरवर चढवायचा, मग नांदेड, देगलूर, शिरूर अनंतपाळ या शाखांनी तो उतरवून छापायचा, अशी रीत. चढवायचं काम रामकिशनचं. पण तो आज कुटुंबाला घेऊन माहूरला निघालेला. काळ्या पडद्यावर काय टाइप करायचं ते त्यानं सकाळी गाडीतून फोनवर अक्षर न् अक्षर सांगितलं, आणि शेवटी शेवटी घाटात रेंज गेली. उजमानं लिहून घेतलं तेवढं टाइप करून एंटर दाबलं. ना पासवर्ड विचारला, ना कुरकुर. पापणी लवायच्या आत पुढची ओळ हजर! एवढं सोपं असतं होय, म्हणून ती निवांत चहासुद्धा प्यायली होती.

आता तिनं तोच हुकूम आणखी तीनदा सोडला. तिन्ही वेळा झटक्यात काम झालं, आणि चाचांना काही मिळालं नाही.

तेवढ्यात क्लासचे मालक नरसिंग सर आले. "काय करायलीस? आठराशे पोरं बसलीत! भूकंपाच्या साली पत्र्याच्या शेडात परीक्षा दिली मी, पण टायमावर!"

"सर, माझ्याकडून जायलाय, तिकडं पोचंना."

"नेटच मेलं असंल." सरांनी नेटच्या डब्याची वायर उपटून पुन्हा खोचली. डब्याचे दिवे लागेनात. उजमाला धीर धरवेना. तिनं एंटर दाबलं.

"गेला, सर!"

"गेला? दिवे तर लागले न्हाईत अजून."

नेट नसताना पेपर गेला कुठं?

तोच रामकिशनचा फोन आला. "पत्त्याच्या पुढं कोलन टाकलंस ना? दोन टिंबं?"

"कसली टिंबं?"

"अगं बाई! मग ती फाइल तुझ्याच मशीनवर पडली बघ. सर्व्हरचा पत्ता हेच तिचं नाव."

खरंच, फोल्डरात त्या विचित्र नावाची एक फाइल बसली होती. दिवे हिरवे झाले. उजमानं दोन टिंबं टाकली, पण आता तिचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. एंटर दाबण्याआधी तिनं ती फाइल उघडून पाहिली.

पहिल्या प्रश्नाच्या तिसऱ्या पर्यायावर लाल खूण होती. दुसऱ्याच्या पहिल्यावर. थेट एकशेऐंशीपर्यंत.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पेनड्राइव्हवर दिलेला पेपर... उत्तरांचाय."

नरसिंग सर खुर्चीत बसले. मग फोन पुन्हा वाजला. सरांनीच उचलला आणि घसा खाकरला.

"गफूरभाई, पेपर मीच रोखून धरलाय. फुटू नये म्हणून. अर्ध्या तासात सोडतो."

फोन ठेवून ते उजमाकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला होता.

"पोरी, हितून पुढं कुठलाबी पेपर आधी बिनटिंबाचाच पाठवत जा."