कुंड्यांच्या गाडीचे शॉकअप

मुलीच्या पिकअपचे मागचे दोन्ही शॉकअप मी स्वतः, घरी, अंगणात बदलले! हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस मी. माझ्या हातून साधा खिळाही कधी सरळ ठोकला गेला नाही.

मुलगी मातीच्या कुंड्या बनवते. जुने शॉकअप मेल्यामुळे गाडी टोळासारखी उडायची आणि दर फेरीला आठ-दहा कुंड्यांचा चुरा व्हायचा. त्या दिवशी चार वाजता प्रदर्शनात साठ कुंड्या पोचवायच्या होत्या, आणि तिथल्या लोकांनी बजावलं होतं, "पुन्हा फुटका माल आणलात तर जागा मिळणार नाही!"

"बाबा, मेकॅनिक उद्या येतो म्हणतोय. आणि नवे शॉकअप खोक्यात पडलेत!" मुलगी रडकुंडीला आली.

"मी माहितीपुस्तक वाचलंय," मी म्हणालो. "दोनदा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाना दिला. दुसरं कोण होतं?

जुना शॉकअप दाबला की आत जायचा आणि सरकारी अर्जासारखा आतच राहायचा. नव्याला दाबून बांधलेला पट्टा कापला, तर तो झोपेतून उठलेल्या मांजरासारखा सावकाश लांब झाला! आतून त्याला कोण ढकलतंय, या विचारात माझी वीस मिनिटं गेली.

दोन्ही जागेवर बसले. मग पुस्तकातलं शेवटचं वाक्य आलं : 'बोल्ट पक्के आवळताना गाडीवर नेहमीचा भार असावा.' दुसऱ्या कुणीही गाडी जॅकवरून चाकांवर उतरवून बोल्ट आवळले असते. पण मी मुद्रितं तपासलेला माणूस. भार म्हणजे भार! पाच किलोची एक, अशा साठ कुंड्या म्हणजे तीनशे किलो. कुंड्या तर पणाला लावता येत नव्हत्या. घरात दुसरं तीनशे किलो काय होतं?

माझी पुस्तकं!

मी एकेक गठ्ठा वजनकाट्यावर ठेवून गाडीत चढवू लागलो. शेजारचे वकील कुंपणापाशी आले.

"नाना, निघालात?"

"नाही हो. अजून साठ हवेत."

"साठ काय?"

"किलो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी इतक्या टोकाला जातील असं वाटलं नव्हतं!"

मी सगळं समजावून सांगणार होतो. पण मला शब्द जुळवायला वेळ लागतो. तोवर ते फाटकाशी पोचले होते आणि आमची ही भाजी घेऊन आत येत होती.

"वहिनी, या वयात सामोपचाराने घ्या! घर कुणाच्या नावावर आहे?"

पिशवी तिथेच टाकून ही धावत आली. मी तोवर गाडीखाली शिरलो होतो. बाहेर फक्त माझे पाय.

"अहो! कुठे निघालात?"

"कुठेच नाही!"

"मग ही पुस्तकं?"

"ती राहू दे गाडीतच!"

मग लग्नानंतर क्वचितच ऐकलेल्या मऊ आवाजात ही म्हणाली, "खरंच?"

बोल्ट आवळून झाले तेव्हा पावणेचार वाजले होते. पुस्तकं उतरवायला वेळ कुठला? मुलीने गठ्ठ्यांच्या फटींत कुंड्या कोंबल्या आणि ती सुसाट निघाली. पुढचे तीन तास मी खिडकीला चिकटून होतो.

"बाबा, एकसुद्धा फुटली नाही!" आल्या आल्या ती ओरडली.

माझी छाती दोन इंच फुगली. "म्हणजे शॉकअप..."

"शॉकअपचं काय माहीत! पुस्तकांमुळे कुंड्या हलल्याच नाहीत."

"पण येताना? येताना गाडी उडाली का?"

"येताना मस्त आली. रिकामी असूनही जराही उडाली नाही!"

छाती पुन्हा फुगली आणि मध्येच थांबली.

"रिकामी?"

"लोकांना वाटलं, कुंडीवर पुस्तकं मोफत. मी नाही म्हणेपर्यंत झुंबड उडाली! पुढच्या महिन्याची जागा पक्की झालीय बाबा. फक्त सोबत पुस्तकं आणा म्हणालेत."

मी तोंड उघडलं. शब्द जुळवू लागलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "खालच्या कपाटातली मी बांधूनसुद्धा ठेवलीत!"